शिळं कुणी खायचं?

प्रिय सई,

तुझा मेसेज काल वाचला, उत्तर दोन ओळीत संपणारं नव्हतं म्हणून बसून लिहितोय. तू विचारलंस, दिवाळीत आजी सारखी म्हणत होती "शिळं तू नको खाऊ, मी खाते", आणि तीच आजी सकाळी उठून आदल्या दिवशीच्या भाताला फोडणी देत होती आणि आपण सगळे त्याच्यावर तुटून पडत होतो, मग आपल्यात शिळं खाणं चांगलं समजतात का वाईट? आणि तुझ्या फ्लॅटमेट्सनी पार्टीनंतर उरलेलं सगळं काळ्या पिशवीत भरलं तेव्हा तुला कसंतरी झालं, तर तो आपला चिक्कूपणा का?

चिक्कूपणा नाही गं. सणाला आपल्याकडे अन्न उरतं ते मुळात उरावं म्हणूनच केलेलं असतं. पंगतीत शेवटच्या माणसाला पोळी कमी पडली तर घरातली बाई वर्षभर ते बोलून दाखवते, आणि ऐनवेळी कोणी दारात आलं तर "जेवूनच जा" म्हणता आलं पाहिजे, त्यामुळे 10 माणसांचा स्वयंपाक 14 माणसांना पुरेल असा होतो. म्हणजे सण संपला की पातेल्यात काहीतरी असणारच, ते गृहीत धरलेलं आहे, आणि चांगली बाई (किंवा चांगला बाप, मीही करतो बरं का) रात्री झाकपाक करतानाच ठरवून टाकते की उद्या याचं काय करायचं. आणि तेच्या तेच गरम करून वाढलं तर ते शिळं, त्याचं दुसरं काही केलं तर तो नाश्ता! असा नियम कुणी सांगत नाही पण सगळे पाळतात.

फोडणीचा भात हे त्याचं सगळ्यात साधं उदाहरण. तो ताज्या भाताचा करून बघ, गिचका होतो. रात्रभर गार झालेल्या भातातला स्टार्च घट्ट होतो, शितं सुटी होतात, म्हणून फोडणीत परतला तरी मोकळा राहतो. म्हणजे या पदार्थाला शिळा भातच लागतो, आमच्या घरी तर रात्री मुद्दाम वाटीभर तांदूळ जास्त लावायचे. पोळीचंही तसंच. शिळी पोळी हाताने कुस्करायची, मिक्सरला लावायची नाही, मिक्सरमध्ये तिचा भुसा होतो. तेल जरा सढळ हाताने, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची, शेंगदाणे, कांदा मऊ झाला की पोळीचा चुरा, मीठ, चिमूटभर साखर, पाण्याचा हलका हबका मारून झाकण. कुणी याला फोडणीची पोळी म्हणतं, कुणी कुस्करा, कुणी माणिकपैंजण. आणि गोड हवं असेल तर त्याच चुऱ्यात गूळ आणि तूप घालून लाडू वळायचे, मला शाळेच्या डब्यात तेच असायचे आणि डबा उघडला की मित्र आधी माझ्या डब्यावर पडायचे.

आता सणाचं बघ. होळीला पुरण घालतात तेव्हा चणाडाळ शिजवून वरचं पाणी काढतात, त्याला कट म्हणतात, त्यात थोडं पुरण, चिंच, गूळ, गोडा मसाला, भाजलेलं खोबरं घालून कटाची आमटी होते. एकाच डाळीतून गोडही निघालं आणि झणझणीतही, पाणीसुद्धा ओतून दिलं नाही. ही आमटी त्या दिवशी चांगली असते पण दुसऱ्या दिवशी जास्त चांगली, मसाला मुरतो. उरलेल्या पुरणाचे कडबू करून तळतात, किंवा ते दुधात सैल करून खीर करतात. आणि उरलेली पुरणपोळी मायक्रोवेव्हमध्ये अजिबात टाकू नकोस, चामडं होतं, तव्यावर मंद आचेवर तूप सोडून कडा कुरकुरीत होईपर्यंत ठेव. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या दिवशीची पुरणपोळी पाहुण्यांची आणि दुसऱ्या दिवशीची घरच्यांची, आणि घरच्यांची जास्त भारी.

गणपतीत मोदकांची उकड थोडी उरतेच, कारण सारण आणि उकड बरोबर एकाच वेळी संपलंय असं आजपर्यंत कुणाच्या घरी झालेलं नाही. कोकणात त्या उरलेल्या उकडीत मिरची, जिरं, कोथिंबीर, मीठ मळून छोट्या चपट्या वड्या थापतात आणि मोदकांच्याच भांड्यात वाफवून घेतात, त्या निवगऱ्या. वर कच्चं तेल किंवा तूप. गोड खाऊन खाऊन तोंड गोडमिट्ट झालेलं असतं तेव्हा ही तिखट निवगरी काय लागते म्हणून सांगू, आमच्या घरी मोदकांपेक्षा निवगऱ्यांवरून जास्त भांडणं व्हायची. सारण उरलं तर पोळीत भरून खोबऱ्याची पोळी, किंवा जरा आटवून वड्या. मोदक स्वतः उरले तर फ्रिजमध्ये टणक होतात, तो भातवालाच स्टार्चचा प्रकार, पण परत वाफवले की मऊ होतात. पूजेचं पंचामृत उरलं तर त्यातच कणीक भिजवून गोड पुऱ्या करायच्या. ते तर टाकायचं नसतंच, प्रसाद आहे, आणि मला वाटतं या सगळ्या युक्त्यांपैकी निम्म्या त्याच धाकातून आल्यात, देवाला दाखवलेलं कचऱ्यात जाणार नाही म्हटल्यावर डोकं चालवावंच लागतं.

पाडव्याचं श्रीखंड उरून आंबटसर व्हायला लागलं की त्यात ताक आणि थोडी साखर घालून घुसळायचं, जायफळ किसायचं, झालं पियुष. हे तर लोक दुकानात पैसे देऊन पितात.

दिवाळीचा फराळ वेगळा, तो तळलेला, भाजलेला, त्यात पाणी नसतं म्हणून हवाबंद डब्यात आठवडे टिकतो. तो खराब होत नाही, त्याचा कंटाळा येतो. चिवड्याचा तळाशी चुरा राहतो, नुसतं मीठ-मिरची-खोबऱ्याचे काप, त्यावर मटकीची उसळ आणि तिखट रस्सा ओतला की मिसळ. मोडक्या चकल्या दह्यात, वर थोडं तिखट-मीठ, पण लगेच खायच्या, थांबलं की लगदा. रव्याचा लाडू कढईत कुस्करून थोडं गरम दूध शिंपडून झाकून ठेवला की पाच मिनिटात शिरा. बेसनाचा लाडू पोळीत भरून लाटला तर बेसनपोळी, हा तुझ्या आईचा शोध असं ती म्हणते, मी वाद घालत नाही. शेवेबद्दल तर ती जळगावकडची असल्यामुळे तिच्याशी बोलायचीच सोय नाही, उरलेली शेव म्हणजे तिच्या लेखी शेवभाजीच. फक्त एक, शेवभाजीची शेव जाड आणि तिखट असते, फराळाची शेव बारीक असते, ती रश्श्यात उकळली तर विरघळून जाते, म्हणून रस्सा वाढल्यावर ताटातच वरून घालायची. शंकरपाळ्यांचं काही करायला जाऊ नकोस, चहात बुडव आणि खा. अनारसे उरत नाहीत.

तुला एक फरक लक्षात आला असेल, हे सगळं पातेल्यातलं, डब्यातलं. ताटातलं नाही. कुणाच्या ताटात उरलेलं, हात लागलेलं, ते उष्टं, त्याचं काहीही होत नाही, ते गाईगुरांना जायचं. म्हणून ताटात टाकायचं नाही असं लहानपणापासून डोक्यात भरवतात, हवं तेवढंच वाढून घ्या आणि घेतलं ते संपवा. वाढणारा आग्रह करणार, खाणारा हात आडवा धरून नको नको म्हणणार, हे जे नाटक तुला बघून हसू येतं ना, त्याच्यामागे हा हिशोब आहे, पातेल्यात राहिलं तर उद्याचा नाश्ता, ताटात पडलं की गेलं. तुझ्या फ्लॅटमधल्या पार्टीत सगळ्यांनी आपापल्या प्लेट भरभरून घेतल्या आणि अर्ध्या टाकल्या, तिथे वाचवण्यासारखं फार नव्हतं, त्यामुळे तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस. पण ट्रेमध्ये न उघडलेलं जे होतं ते मात्र ठेवायला हवं होतं.

आणि शिळं म्हणजे वाईटच असंही नाही आपल्यात. श्रावणात शिळा सप्तमी असते, त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेलं थंडच खायचं, तेही सणासारखं. म्हणजे वर्षातून एक दिवस शिळ्या अन्नालाच मान.

आता आजीचं "मी खाते". हे जरा नीट वाच. माझ्या लहानपणी घरात गरम पोळी आधी पुरुषांना आणि मुलांना, बायका शेवटी बसायच्या, आणि कालची भाकरी, तळाची भाजी, करपलेली पोळी हे सगळं त्यांच्याच ताटात यायचं. ते कुणी ठरवून दिलं होतं असं नाही, तसंच चालायचं, आणि त्याला "तिला शिळं आवडतं" असं गोंडस नाव होतं. माझी आजी तर म्हणायची मला ताजी पोळी पचतच नाही! तुझी आजी त्याच घरात सून म्हणून आली, तिला ती सवय लागली ती लागलीच. तेव्हा तिच्या त्या वाक्यात माया आहे यात शंका नाही, पण नुसती माया नाही, वर्षानुवर्षांचं वळण आहे आणि ते काही कौतुक करण्यासारखं नाही. युक्त्या सगळ्या घ्याव्यात, हे घेऊ नये. म्हणून मी आणि आईने लग्नानंतर ठरवलं की शिळं जे असेल ते सगळ्यांच्या ताटात सारखं येणार, माझ्याही आणि तुझ्याही. आजी इथे येते तेव्हा तरी गुपचूप कालची पोळी स्वतःच्या ताटात सरकवतेच, तू पुढच्या वेळी बघशील तेव्हा अर्धी तोडून घे, वाद घालू नकोस, नुसती घे आणि खा.

आता जरा बापाचं लेक्चर. आपल्या लोकांची परीक्षा म्हणजे "वास घेऊन बघ", आणि ती भाताच्या बाबतीत चालत नाही. भातात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू असू शकतात, त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार होतं ते परत गरम करून जात नाही, वासही येत नाही. तू जिथे राहतेस तिथली, म्हणजे ब्रिटनची, फूड स्टँडर्ड्स एजन्सीसुद्धा हेच सांगते, भात तासाभरात गार करून फ्रिजमध्ये आणि 24 तासांच्या आत संपवायचा. पातेलं तसंच ठेवलं तर गार व्हायला वेळ लागतो, ताटात पसरून ठेव. एकदाच गरम करायचा, चांगल्या वाफा येईपर्यंत. पूर्वी रात्री नवाला जेवण आणि सकाळी सातला फोडणीचा भात असं असायचं तरी ते फार काही आदर्श नव्हतं, त्याची नक्कल सेंट्रल हीटिंग लावलेल्या किचनमध्ये करू नकोस. ओल्या नारळाचं काहीही बाहेर ठेवायचं नाही, आणि दह्यातली कोशिंबीर उरली तर तिचा नाद सोड, तिचं काही होत नाही, पाणी सुटतं नुसतं. सगळंच वाचवता येतं असं नसतं, आणि खराब झालेलं खाऊन आजारी पडण्यात कसलं पुण्य नाही.

तुझ्यासोबत दिलेल्या निळ्या झाकणाच्या डब्यात चिवडा आहे, तळाशी आला असेल, त्याची मिसळ कर, मोड आलेली मटकी तिकडे मिळाली नाही तर टिनमधले मूग किंवा चणे चालतील, चवीत फरक पडतो पण पोट भरतं. फ्रीझरमध्ये फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पुरणपोळ्या आहेत त्या आधी रात्री फ्रिजमध्ये काढून ठेव, मग तवा. तुझ्या फ्लॅटमेटला दे एखादी, फक्त आधी सांग की आत डाळ आहे, नाहीतर गोड डाळ म्हटल्यावर चेहरा कसा होतो ते मी ऑफिसमध्ये बघितलंय. निवगऱ्यांचं प्रमाण मला विचारू नकोस, मी अंदाजपंचे करतो, आजीला फोन कर, रविवारी दुपारी कर कारण संध्याकाळी तिची सिरियल असते आणि मग ती सगळं घाईघाईत सांगते आणि मीठ सांगायचं राहतं.

बाबा