‘आवाज ओळखणारा रोबो’ म्हणावं का?

ऐरोलीहून प्रश्न आलाय, की मी आणि माझी मुलगी घरी रासबेरी पायवर, म्हणजे तळहाताएवढ्या छोट्या कॉम्प्युटरवर, रोबो बनवतोय, सगळं ओपन सोर्स वापरून, तो बोललेलं ऐकतो आणि उत्तर देतो, सोसायटीच्या गणपतीत ठेवायचाय तर पाटीवर ‘आवाज ओळखणारा, बोलका रोबो’ लिहिलं तर चालेल का?

मला ‘आवाज ओळखणारा’ खटकतं. दाराबाहेरून कोणी हाक मारली आणि आपण म्हणालो ‘आवाज ओळखला हं’, तर कोण आलंय ते कळलं एवढाच त्याचा अर्थ, तो काय म्हणाला याच्याशी काही संबंध नाही. तुमचा रोबो बरोब्बर उलटं करतोय, त्याला माणूस कोण ते नकोय, शब्द हवेत. हा नुसता शब्दांचा कीस नाही बरं, वोस्क नावाच्या बोलणं उतरवून घेणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधे ही दोन कामं खरंच वेगळी आहेत, शब्द उतरवायचं मॉडेल एक आणि बोलणारा कोण ते ताडायचं दुसरं. २०२२ साली आलेलं व्हिस्पर हे असंच शब्द उतरवणारं मॉडेल ६ लाख ८० हजार तासांच्या ऑडिओवर शिकवलंय, त्याला मराठीही येतं, पण ते मजकूर देतं, बोलले ते आजोबा की नात हे नाही सांगत.

यासाठी शाळेतलाच शब्द आहे ना, श्रुतलेखन! बाई सांगायच्या नि आपण वहीत उतरवून घ्यायचो, अगदी तेच काम. चुकाही त्याच जातीच्या, मी ठाण्यात घरी करून बघितलं तेव्हा ‘तलावपाळी’ म्हटलं की ‘तलाव पाळी’ असं तोडून यायचं.

‘बोलका’ चूक नाही, पण बोलकी बाहुली म्हटलं की रामदास पाध्यांचा अर्धवटराव आठवतो, तिथे बोलणारा माणूस शेजारीच असतो, आणि बोलके डोळे तर न बोलताच सांगतात. साधं ‘बोलणारा’ म्हणा. खरं तर रोबोचं उत्तर आधी मजकूर म्हणून तयार होतं आणि तो ते वाचून दाखवतो, आणि मराठी वाचून दाखवणं सोपं नाहीये. ‘जरा थांब’ मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’ मधला ज वेगळा, ‘चार’ आणि ‘चारा’ मधला च वेगळा, पण लिहायला अक्षर एकच, आपल्याला लहानपणापासून कानाने माहीत असतं, यंत्राला ते प्रत्येक शब्दागणिक शिकवावं लागतं. ‘माझा-माझी’ त्यातल्या त्यात बरं, पुढे इ-ई, ए किंवा य आला की तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून केलेला उच्चार, असा नियम तरी घालता येतो.

तर पाटीवर मोठ्या अक्षरात ‘ऐकून उत्तर देणारा रोबो’ आणि खाली बारीक ‘श्रुतलेखन करतो, वाचून दाखवतो’. पुढेमागे ते दुसरं मॉडेल जोडलंत आणि मुलगी बोलल्यावर तो तिच्या नावाने ‘ये’ म्हणायला लागला, की ‘आवाज ओळखतो’ खुशाल लिहा.