ब्रँच किती दिवस ठेवायची?

प्रश्न: आमची पाच जणांची टीम आहे, वेब ॲप बनवतो. जो तो गिटमध्ये आपल्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) महिना-दीड महिना काम करतो आणि रिलीजच्या आठवड्यात मर्ज करायला, म्हणजे सगळ्यांचे बदल एकत्र करायला बसलो की कॉन्फ्लिक्टच कॉन्फ्लिक्ट, एकाच ओळीत दोघांचे वेगळे बदल. एक जण म्हणतो गिट फ्लो (ब्रँचेस ठेवायची एक ठरलेली पद्धत) लावूया, दुसरा म्हणतो सगळ्यांनी थेट मेनवरच (मुख्य ब्रँचवरच) काम करायचं. नक्की काय करावं?

उत्तर: गिट फ्लो तुमच्यासाठी नाही, हे आधीच सांगतो. व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी तो २०१० मध्ये मांडला, त्यात मेन, डेव्हलप, फीचर, रिलीज, हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) एवढ्या ब्रँचेस सांभाळाव्या लागतात. ज्यांच्या प्रॉडक्टची जुनी-नवी व्हर्जन्स एकाच वेळी ग्राहकांकडे चालू असतात त्यांना ते खरंच लागतं. वेब ॲपचं तसं नसतं, सर्व्हरवर एकच व्हर्जन. २०२० मध्ये ड्रिसेन यांनीच मूळ लेखाच्या सुरुवातीला टीप टाकली की सतत डिप्लॉय होणाऱ्या (नवे बदल सतत सर्व्हरवर जाणाऱ्या) वेब ॲपला गिटहब फ्लोसारखा साधा प्रकार बघा.

म्हणजे मेन कायम चालू स्थितीत, त्यातून छोटी ब्रँच काढायची, पुल रिक्वेस्ट (बदल मेनमध्ये घेण्याची विनंती), रिव्ह्यू, टेस्ट पास झाल्या की मर्ज आणि ब्रँच डिलीट. बस. पण हे करूनही ब्रँच महिनाभर ठेवलीत तर काहीच फरक पडणार नाही बरं का, तुमचं दुखणं तिथेच आहे. आणि कॉन्फ्लिक्ट दिसतो तो तरी बरा, न दिसणारा जास्त त्रास देतो. समजा तुम्ही एका फंक्शनचं नाव बदललं आणि ते जिथे जिथे वापरलंय तिथेही बदललं, त्याच वेळी दुसऱ्याने आपल्या ब्रँचवर नवीन फाइलमध्ये जुन्याच नावाने ते फंक्शन वापरलं. ओळी वेगळ्या, फाइल वेगळ्या, गिट गुपचूप मर्ज करतं आणि मेनवर बिल्ड फुटतो, म्हणजे ॲप तयारच होत नाही. गिटला ओळी कळतात, कोडचा अर्थ कळत नाही, म्हणून मर्जनंतर टेस्ट परत चालवणं आलंच.

त्यामुळे ब्रँच एक-दोन दिवसांत मर्ज झाली पाहिजे एवढा नियम धरा. फीचर अर्धवट असेल तर फीचर फ्लॅगच्या (कोडमधल्या चालू-बंद स्विचच्या) मागे बंद ठेवून मर्ज करा, पण काम संपल्यावर तो फ्लॅग काढून टाकायचा, नाहीतर कोडमध्ये जुन्या इफ-एल्सचा ढीग साचतो. रोज सकाळी मेनमधले बदल आपल्या ब्रँचवर घ्या. रीबेस करा (आपले बदल ताज्या मेनवर पुन्हा चढवा) किंवा मर्ज, त्यावरून वाद नको, फक्त दोघं जण एकाच ब्रँचवर असतील तर न सांगता रीबेस नको, कारण कमिट्स (बदलांच्या साठवलेल्या नोंदी) नव्याने लिहिले जातात आणि समोरच्याची कॉपी जुळत नाही.

दुसऱ्या मित्राचं थेट मेनवर काम करणंही चुकीचं नाही, पण त्याला भरवशाच्या ऑटोमेटेड टेस्ट हव्यात. त्या नसतील तर आधी त्या लिहा.

आत्ता ज्या जुन्या ब्रँचेस पडून आहेत त्या एकदम मर्ज करू नका. एकेकीत आधी मेन घ्या, मग नुसती नावं बदललेली, फाइल हलवलेली असली कामं वेगळी काढून पहिली पाठवा, खरं लॉजिक त्यानंतर.