आजोबांची पेटी आणि बारावीनंतरचा प्रवेश

नमस्कार ताई,

मुलगा बारावी सायन्सला. आजोबा गावच्या भजनी मंडळात पेटी (हार्मोनियम) वाजवायचे, त्यांच्याजवळ बसून तो शिकला, गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा ही संगीत परीक्षा पूर्ण झाली आणि आता इंजिनिअरिंग नको, पेटीच करायची म्हणतो. वर घरातली पेटी सारखी खोलून बसतो, ही तुमची तक्रार. पोटापाण्याचं काय, असं तुम्ही विचारलंय. रास्तच आहे.

आधी एक: सायन्स अर्धवट सोडू देऊ नका. संगीताच्या बीएला कुठल्याही शाखेची बारावी चालते, त्यामुळे अडत काहीच नाही. उलट पुढे पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रणाकडे वळावंसं वाटलं, तर पदवीबरोबर बारावीचं फिजिक्स विचारतात.

भजनात वाढलेल्या मुलाचा कान तयार असतो. नवी चाल दुसऱ्या कडव्यापर्यंत हाताखाली येते. क्लासमधल्या मुलांची यात वर्षं जातात. पण त्याच भजनात हाताला खोडीही लागतात. टाळ-मृदंगाच्या गजरात ऐकू जावं म्हणून भाता जोरात आणि हवा सोडणाऱ्या सगळ्या खुंट्या, म्हणजे स्टॉप, उघड्या. अंगठा बेकार. गाणाऱ्या बुवांची पट्टी, म्हणजे 'सा' कुठे धरायचा ते, ठरलेली, म्हणून बोटं तेवढ्याच पट्टीत पळतात. ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय गायनाच्या साथीला हे सगळं नडतं. आज गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या सुरावर 'सा'), उद्या गायिका काळी चारमध्ये, आणि पेटी गळ्याच्या मागून चालायला हवी, पुढे धावून नव्हे. अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर या पेटीवादकांची साथ त्याला ऐकायला लावा. पेटी कुठे कुठे गप्प राहते, ते टिपून ठेवायला सांगा.

परीक्षा आटोपल्यावर त्याला तीन महिने द्या. रोज पहाटे एक तास नुसते अलंकार (ठरावीक क्रमाने सूर घोटण्याचे पलटे), चार वेगवेगळ्या पट्ट्यांत, समोर ऐकायला कुणी नाही. आठवड्यातून एकदा न ऐकलेला अभंग दोनदा ऐकून काळी दोनमध्ये आणि लगेच पांढरी चारमध्ये वाजवायचा; मोबाईलवर रेकॉर्ड करून शिक्षकांना ऐकवायचा. मंडळात वाजवायला उत्साह आणि अलंकारांना कंटाळा असेल, तर हा छंद आहे. छंद म्हणून तो उत्तमच, पण त्यावर प्रवेश घेऊ नये.

पेटी खोलण्याला मात्र खोड म्हणू नका. एखादा सूर बोट न लावता वाजत राहिला, तर तो काय करतो ते बघा. आतल्या झडपेखाली कचरा अडकलाय की स्प्रिंग ढिली पडलीय, हे तो आधी पाहत असेल तर डोकं योग्य दिशेने चालतंय. सूर लावणं ही पुढची पायरी. आतली सूर वाजवणारी पितळी जीभ टोकाशी खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. नवशिके घाईत जास्त खरवडतात, मग उलट बाजूने भरपाई करत बसतात. जीभ पातळ होते आणि पुढे तडकते. म्हणून आजोबांच्या पेटीवर हात साफ करू देऊ नका, भंगारातल्या जुन्या जिभा आणून द्या. सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर सगळे काटे मध्यावर आणले म्हणजे पेटी लागली, असंही नाही: तंबोऱ्यातून ऐकू येणारा गांधार त्या काट्याहून सुमारे 14 सेंट (लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर सेंट) खाली असतो. हे कानाने ओळखणारा कारागीर कलाकारांना लागतोच. सुट्टीत एखाद्या जाणत्या कारागिराकडे बसू द्या, सुरुवातीला फुकट का होईना.

पैशांचं सांगायचं तर साथीची कमाई हंगामी असते. आषाढी, श्रावण, गणपती, दिवाळी पहाट यांत तारखा पुरत नाहीत, पितृपक्षात पेटी बंद. आकाशवाणीची कलाकार म्हणून श्रेणी मिळाली तरी ती नोकरी नव्हे, कार्यक्रमापुरतं मानधन. म्हणून साथ, शिकवण्या आणि दुरुस्ती हे तिन्ही धरूनच हिशेब मांडा. कॉलेजात शिकवायचं असेल तर सहसा एमए आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा लागते. मध्यमेच्या पुढच्या नुसत्या विशारद परीक्षेवर ते दार उघडत नाही.

प्रवेशासाठी पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा संगीत विभाग इथे चौकशी करा. फॉर्म भरण्याआधी फोनवर दोनच गोष्टी विचारा: पेटी हा मुख्य विषय म्हणून घेता येतो का, की गायनच घ्यावं लागतं, आणि प्रात्यक्षिकाला किती राग, किती वेळ. गायन घ्यावं लागणार असेल तर गळ्याची तयारी आत्तापासून हवी, आणि ती बारावीचा अभ्यास सांभाळून रोज अर्धा तासच.