जुनी दुनळी घेताना आधी नळ्या पाहाव्यात, नक्षी नंतर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण मिनेसोटात एच-१बी व्हिसावर नोकरी करता, गेल्या हंगामात एका सहकाऱ्याबरोबर ग्राउस या रानकोंबडीसारख्या पक्ष्याच्या शिकारीला गेला होता, त्याच्या हातातली शेजारी-शेजारी नळ्यांची जुनी दुनळी आपल्या मनात भरली, आणि आता बाराशे ते पंधराशे डॉलरांत तशी बंदूक घ्यावी की त्याच पैशांत नवी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे बार उडाल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणारी बंदूक घ्यावी, हे ठरत नाही. माझे उत्तर असे की, बहुतेक दिवस आपण जंगलात पायी हिंडून ग्राउस, वुडकॉक आणि अधूनमधून फेझंट यांच्या मागे जाणार असाल, तर जुनी दुनळी अवश्य घ्यावी. मात्र मुख्य ओढ बदकांची असेल, तर घेऊ नये. त्याचे कारण छर्ऱ्यांच्या धातूत आहे, त्याकडे पुढे येतो.

त्याआधी कायद्याची एक बाब सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांना ती ठाऊक नसते. नॉन-इमिग्रंट, म्हणजे एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकी संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला आपल्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेला, मुदतीत असलेला शिकार परवाना. म्हणजे परवाना आधी आणि बंदूक नंतर, हा क्रम चुकवून चालत नाही. शिवाय मिनेसोटाच्या परवान्याचे वर्ष मार्च ते फेब्रुवारीअखेर असे असते. हंगाम संपला म्हणून मार्चमध्ये नवा परवाना काढायचा राहून गेला आणि बंदूक घरातच असली, तर तो अपवादही आपल्या हातून जातो. आपला जन्म ३१ डिसेंबर १९७९ नंतरचा असल्यास परवान्यासाठी बंदूक-सुरक्षिततेचे प्रमाणपत्र लागेल. दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून बंदूक घेतल्यास ती आपल्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्यामार्फतच हाती यावी लागते. १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका संघराज्याच्या कायद्यात पुरातन वस्तू म्हणून वेगळ्या गणल्या जातात आणि म्हणून काही जण त्यांच्याकडे वळतात, पण पहिली बंदूक म्हणून मी तो मार्ग कोणालाही सुचवणार नाही.

माझी स्वतःची सुरुवात चुकीनेच झाली. माझ्या आजोबांकडे रत्नागिरी जिल्ह्यात पिकाच्या रक्षणासाठी परवान्याची बाराबोर होती आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला मी त्यांच्यासोबत जात असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांनंतर भारतात पक्ष्यांची शिकार बंदच आहे, त्यामुळे ती बंदूक मी भिंतीवर आणि पोलिसांच्या टेबलावरच अधिक पाहिली. इथे आल्यावर एका प्रदर्शनात तशीच दिसणारी दुनळी दिसली, कुलपांवर, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा झाकणाऱ्या पट्ट्यांवर, उडणाऱ्या तित्तरासारख्या पक्ष्याची सुरेख नक्षी होती, आणि मी अर्ध्या तासात पैसे मोजून मोकळा झालो. पहिल्या हंगामात वीस-पंचवीस पावलांपलीकडचा एकही पक्षी पडला नाही. मग एका वृद्ध गनस्मिथने, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, नळ्यांची तोंडे माझ्यासमोर धरली आणि दोहोंच्या मधली फट दाखवली. कोणीतरी पूर्वी त्या कापून आखूड केल्या होत्या आणि फट झाळून बुजवली होती. चोक, म्हणजे छर्रे एकत्र ठेवण्यासाठी नळीच्या तोंडाशी ठेवलेला अरुंदपणा, त्या कापलेल्या तुकड्यांबरोबर केव्हाच गेला होता.

म्हणून दुनळी हातात आल्यावर मी आजही पहिली नजर तोंडांवर टाकतो. न कापलेल्या नळ्या तोंडाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. जुन्या अमेरिकी दुनळ्यांच्या नळ्या बहुधा २६, २८, ३० किंवा ३२ इंचांच्या असत. मोजपट्टीवर सव्वासत्तावीस इंच आले, तर शंका घ्यावी. त्यानंतर पुढचा लाकडी भाग काढून नळ्या वेगळ्या कराव्यात, खालच्या आकड्यातून बोटावर लटकवाव्यात आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारावी. जोड पक्का असेल, तर देवळातल्या लहान घंटेसारखा नाद निघतो आणि काही क्षण रेंगाळतो. मडक्यावर वाजवल्यासारखा बद्द आवाज आला, तर दोन नळ्यांना जोडणारी पट्टी कुठेतरी सुटली आहे असे समजावे आणि नळ्या परत विक्रेत्याच्या हाती द्याव्यात. आतली बाजू खिडकीच्या चौकटीकडे रोखून पाहावी. प्रकाशाची कडी नितळ गोल दिसली पाहिजे. ती कुठे मोडली, तर तिथे पोचा किंवा फुगवटा असतो.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मात्र डोळ्यांना दिसतच नाही, ती म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी. शंभर वर्षांत गंज काढण्यासाठी आतून घासून घासून नळी पातळ झालेली असू शकते, आणि घासल्यावर ती आरशासारखी चकचकीत दिसते, त्यामुळे नवखा माणूस तिलाच भुलतो. जाडी मोजण्याचे खास उपकरण असते. ती कुठेही इंचाच्या २० सहस्रांशांपेक्षा, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर जाणकार ती बंदूक बाजूला ठेवतात, आणि काडतुसाच्या घराजवळ, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते तिथे, तर याहून कितीतरी जास्त जाडी लागते. हे मोजमाप स्वतः करू नये. विक्रेत्याकडून तीन दिवसांची परतीची मुदत लेखी घ्यावी आणि त्या मुदतीत दुनळ्यांची माहिती असलेल्या गनस्मिथकडे बंदूक न्यावी. त्याची फी वाचवण्याचा विचार मनात येतो, माझ्याही आला होता. त्या विचारापायी माझी एक अख्खी बंदूक वाया गेली.

झीज ओळखण्याच्या दोन सोप्या खुणाही आहेत. फॉक्स किंवा एल. सी. स्मिथ या जुन्या अमेरिकी कंपन्यांच्या बंदुकीची वरची उघडण्याची कळ बंद स्थितीत मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबत असेल, तर नळ्या बंद धरणाऱ्या खटक्यात अजून दम आहे. ती मध्यरेषा ओलांडून डावीकडे गेली असेल, तर झीज झाली आहे. पुढचे लाकूड काढून, नळ्या बसवून बंदूक कानाजवळ हलवल्यास खडखड ऐकू येता कामा नये, आणि उजेडासमोर धरल्यावर नळ्या व मागची चौकट (नळ्या जिला जोडल्या जातात तो धातूचा भाग) यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये.

आता काडतुसांविषयी, कारण धोका इथे आहे. आज दुकानात सहज मिळणारे काडतूस पावणेतीन इंची असते, तर जुन्या अमेरिकी बंदुकांची, विशेषतः सोळा बोअरची (बाराबोरापेक्षा अरुंद नळीच्या बंदुकांची), काडतुसाची घरे अनेकदा अडीच इंचांच्या आसपास असतात आणि जुन्या इंग्लिश बाराबोरांची तर साधारणपणे अडीच इंचच. फसवणूक अशी की पावणेतीन इंची काडतूस त्या आखूड घरात विनासायास बसते, कारण काडतुसाची लांबी त्याचे दुमडलेले तोंड उडाल्यानंतरची मोजलेली असते. बार उडाला की ते तोंड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात घुसते, छर्ऱ्यांची वाट अडते आणि दाब वाढतो. त्यामुळे ‘बसले म्हणजे चालले’ हा हिशोब इथे करू नये. घराची लांबी मोजून घ्यावी आणि तितक्याच लांबीची, कमी दाबाची काडतुसे वापरावीत. काही मालक घरे कापून लांब करून घेतात, पण त्याने नेमकी जिथे जाडी हवी तिथलीच भिंत पातळ होते. नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी वेलबुट्टी दिसली, तर त्या लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, बहुधा बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या काळातल्या नळ्या आहेत. त्या देखण्या असतात. जाणकाराच्या तपासणीशिवाय त्यांत एकही बार भरू नये.

पोलादी छर्रे जुन्या दुनळीत कधीच घालू नयेत. जुन्या नळ्यांचे पोलाद मऊ आणि चोक घट्ट असतो; कठीण छर्ऱ्यांनी नळीला ओरखडे पडतात किंवा तोंडाशी फुगवटा येतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंदी आहे, म्हणूनच बदकांसाठी ही बंदूक नको असे मी सुरुवातीला म्हटले. फेझंटसाठीही एक सावधगिरी हवी : वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया अशी पाटी असलेल्या सरकारी गवताळ जमिनीवर, फेझंटसाठीसुद्धा बिनविषारी छर्रेच जवळ ठेवता येतात. तिथे बिस्मथ या बिनविषारी धातूच्या छर्ऱ्यांची काडतुसे न्यावीत. ती महाग असतात, पण शिशाइतकीच मवाळपणे जुन्या नळीतून जातात.

कोणत्या नावाची घ्यावी, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझी पसंती मी लपवत नाही. आपल्या पैशांत फॉक्सची स्टर्लिंगवर्थ बसू शकते. फिलाडेल्फियाच्या ए. एच. फॉक्स कंपनीने ती १९१० मध्ये साध्या कामाची, नक्षीविना बंदूक म्हणून काढली. १९२९ मध्ये सॅव्हेज या दुसऱ्या बंदूक कंपनीने ती कंपनी घेतली आणि काम न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाला गेले. आत सुटे भाग फार थोडे, त्यामुळे बिघाडही थोडे. याच कंपनीची उंची दुनळी थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ च्या आफ्रिका सफरीत नेली होती आणि ती २०१० मध्ये लिलावात आठ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. आपली स्टर्लिंगवर्थ तिची गरीब चुलत बहीण आहे एवढे समाधान मानावे. इथाका कंपनीची १९२६ नंतरची एनआयडी ही दुनळी आणि त्याच कारखान्यातली लेफेव्हर नायट्रो स्पेशल या दोन्ही स्वस्त आणि दणकट आहेत. इथाकाचेच त्याआधीचे फ्लूज मॉडेल वजनाला हलके, हाताला गोड, पण जड काडतुसांनी चौकटीला तडा जाण्याबद्दल प्रसिद्ध आहे. एल. सी. स्मिथची कुलपे बाजूच्या पट्ट्यांवर असतात. त्या पट्ट्यांच्या मागे दस्त्याला, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडाला, गेलेली केसासारखी चीर शोधल्याशिवाय ती घेऊ नये, कारण ती बहुतेकींना असते. पार्कर कंपनीच्या सुमारे दोन लाख बेचाळीस हजार बंदुका बनल्या, तरी त्या नावाचा भाव वेगळाच असतो, आणि शिकाऱ्याने संग्राहकाची किंमत का मोजावी, हे मला कधी कळले नाही.

माझ्याकडे आता सोळा बोअरची, २८ इंची नळ्यांची स्टर्लिंगवर्थ आहे. वजन तीन किलोंच्या आत. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्सच्या उत्तरेला कोवळ्या अ‍ॅस्पेनच्या झाडांच्या दाटीतून चालताना बंदूक जवळजवळ सगळा वेळ नुसती वाहायची असते, आणि दुनळीचा तोल दोन्ही हातांच्या मध्ये, बिजागरीपाशी येतो, म्हणून ती या कामाला फार सोयीची पडते. ग्राउस पायाजवळून भर्रकन उठतो आणि दोन सेकंदांत झाडांआड जातो. जवळ उठला तर पुढचा चाप, म्हणजे उजवी, कमी चोकची नळी. दूर उठला तर मागचा चाप, म्हणजे डावी, घट्ट नळी. ही निवड बोटाच्या एका हालचालीत होते, आणि दोन चापांची सवय व्हायला मला सरावासाठी हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर दोन शनिवार पुरले. जुन्या बंदुकांचे चोक मात्र या जंगलासाठी फारच घट्ट असतात. नळी लगेच कापायला किंवा घासायला देऊ नका. छर्रे लवकर पसरवणारी काडतुसे मिळतात, एक हंगाम ती वापरून पाहावी.

आणखी एक अडचण दस्त्याची आहे. त्या काळच्या अमेरिकी दस्त्यांना उतार फार असे, टाचेपाशी तीन इंचांपर्यंत, तर आजचे दस्ते सव्वादोन ते अडीच इंचांवर थांबतात. दुकानात डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नळ्यांमधली पट्टी दिसण्याऐवजी वरची कळ आणि स्वतःचा अंगठाच दिसत असेल, तर बार पक्ष्याच्या खालून जाणार. गालाखाली चामड्याची पट्टी बांधून हे बरेचसे सुधारते. ही परीक्षा जाड जाकीट घालून करावी. मी जुलैत टी-शर्टवर दस्ता अगदी बेताचा ठरवला आणि नोव्हेंबरात तो बगलेत अडकू लागला.

कुंपण ओलांडताना, ओढा पार करताना किंवा सोबत्याशी बोलताना दुनळी उघडून हातावर टाकावी. तिच्यात काडतूस नाही हे समोरच्याला न विचारता दिसते. पावसात भिजून घरी आल्यावर नळ्या वेगळ्या करून पट्टीच्या कडेने पुसाव्यात, तेलाचे बोट फार तर एकदाच फिरवावे आणि पहिले काही दिवस बंदूक कपाटात तोंड खाली, दस्ता वर अशी उभी करावी. उलट ठेवली की जादा तेल हळूहळू चौकटीतून दस्त्याच्या लाकडात झिरपते, लाकूड काळे आणि मऊ पडते, आणि एल. सी. स्मिथबद्दल सांगितलेल्या चिरेची सुरुवात अनेकदा तिथूनच होते. आपण पाहायला जाल त्या बंदुकीचे लाकूड चौकटीला लागून काळपट दिसते का, हेही म्हणूनच पाहावे.