महापेच्या लॅबमध्ये नव्याने रुजू झालेल्या मित्राला

सार्टनवर, म्हणजे रक्तदाब कमी करणाऱ्या औषधांच्या गटावर, काम मिळालंय ना? मग आधी रिसेप्टर (पेशीवरची, संदेश देणारा रेणू चिकटतो ती जागा) समजून घे, रिअ‍ॅक्शन नंतर. अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक रक्तवाहिनीच्या एटी-१ रिसेप्टरला चिकटलं की वाहिनी आकसते. लोसार्टन हे सार्टन ती जागा अडवतं. त्यातलं टेट्राझोल, म्हणजे चार नायट्रोजनचं कडं, नीट बघ. ते कार्बोक्झिलिक आम्लाच्या जागी बसवलंय, तोंडावाटे शोषण सुधारलं ते त्यामुळे. गंमत म्हणजे यकृत रेणूच्या दुसऱ्या टोकाला, अल्कोहोलचं आम्ल करतं आणि ते मूळ औषधाहून कितीतरी जोरकस! तेव्हा औषध रिसेप्टरला किती घट्ट चिकटतं त्या बाइंडिंगच्या आकड्यांवर भाळू नकोस, शरीरात त्यापासून बनणारा मेटाबोलाइटही तपास.

टेट्राझोल बनवल्यावर उरलेलं अझाइड (त्यासाठी वापरलेलं विषारी रसायन) नायट्राइटने नष्ट करताना डीएमएफ हा सॉल्व्हंट असेल तर एनडीएमए ही कर्करोगकारक मानली जाणारी अशुद्धी तयार होऊ शकते. २०१८ मध्ये वलसार्टन या दुसऱ्या सार्टनच्या अनेक बॅचेस त्यापायीच बाजारातून परत बोलवाव्या लागल्या. रिकव्हर केलेला, म्हणजे एकदा वापरून परत मिळवलेला, सॉल्व्हंट तर आधी तपासूनच घे, स्टोअरवाला कितीही घाई करो.