नाशिक सोडून लासलगावला राहायला जावं का? छोट्या गावात राहणं कसं असतं?

हो, बिनधास्त या, राहायला छान आहे, फक्त इथं अख्ख्या गावाचा मूड कांद्याच्या भावावर चालतो हे धरून या. माझं इथंच किराणा दुकान आहे त्यामुळे रोज बघतो, सकाळी मार्केट यार्डाबाहेर ट्रॅक्टरची रांग, लिलावात भाव बरा निघाला की दुपारी तोच शेतकरी उधारी चुकती करून वर तेलाचा डबा घेऊन जातो, आणि डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा कापडवाल्यापासून सलूनवाल्यापर्यंत सगळे हातावर हात धरून बसले होते. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरतात नि भाव बघून दिवाळीपर्यंत थोडा थोडा काढतात, म्हणून पैसा खेळता राहतो. शेजारधर्म अजून जिवंत आहे, रात्री-अपरात्री कोणाला काही झालं तर गाडी काढायला चार जण धावत येतात, ही फार मोठी गोष्ट आहे हो. पण घरात हार्ट पेशंट असेल तर नीट विचार करा, मोठ्या दवाखान्यासाठी नाशिकच गाठावं लागतं आणि त्यात तास-दीड तास सहज जातो.