नाव कशाला लिहायचं?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात आशा आहे. मानसिक आजाराच्या नोंदी घ्यायला गेलं की बाया विचारतात, "पोराचं नाव काहून लिवता बाई? उद्या सोयरीक जुळन का?" डॉक्टरसाहेब, गोळ्यांचं समजतं. नुसत्या नोंदींनी कोणाचं भलं होतं?

उत्तर : ताई, त्या माउलीची भीती खरी आहे, म्हणून आधी तिचंच. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 प्रमाणे आजाराची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. शेजारीण ओसरीवर बसली असेल तर फॉर्म काढूच नका.

आता भल्याचं. डेन्मार्कमध्ये 1968 पासून प्रत्येकाला जन्मभराचा एक नंबर आहे आणि 1969 पासून मनोरुग्णालयांत दाखल झालेल्यांची नोंद संगणकावर. दोन्ही जोडून 1999 साली साडेसतरा लाख लोकांचा अभ्यास निघाला : राजधानीत जन्मलेल्यांत स्किझोफ्रेनियाचा (भास होणं, भलताच संशय येणं अशा गंभीर मानसिक आजाराचा) धोका खेड्यात जन्मलेल्यांच्या सुमारे 2.4 पट. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने मूल स्वमग्न होतं, या भीतीला आधार नाही हेही तिथल्याच पाच लाखांवर मुलांच्या नोंदींनी 2002 साली दाखवलं. लसीला नाही म्हणणाऱ्या घरात हे जरूर सांगा.

पण आपल्या खेड्यात आजार कमी, असा अर्थ यातून काढू नका. रजिस्टरात दवाखान्यापर्यंत पोचलेलाच दिसतो. ज्याला कोठ्यात कोंडून ठेवलंय किंवा बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेलंय, तो कुठे दिसणार? अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पाच्या कार्यकर्त्या घरोघर फिरल्या. आधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चौघांनी मदत घेतली होती, नंतर सत्तावीस जणांनी. म्हणून तुमच्या गावचा आकडा वाढला आणि कोणी जाब विचारला, तर बिनधास्त सांगा, लोक उपचाराला येऊ लागले.

माझ्या ओपीडीच्या रजिस्टरात एकच बाई पहिल्या बाळंतपणानंतर माहेरच्या नावाने आहे, दोन वर्षांनी सासरच्या. वय दोन्हीकडे 'अंदाजे', आजाराच्या रकान्यात एकदा 'झोप नाही', एकदा 'डोकं दुखते'. कागदावर त्या दोन वेगळ्या बाया झाल्या. बाळंतपण आणि आजार यांचा धागा तिथेच तुटला, आणि दुसऱ्या खेपेला तिला जपायला हवं होतं हे कोणालाच कळलं नाही. या गोष्टीचा मला फार त्रास होतो. तेव्हा बाईचं माहेरचं नाव-गाव आणि शेवटचं बाळंतपण कधी झालं, हे विचारून लिहाच.

आणि त्या पोराची सोयरीक नंतर बघू. त्याला झोप येते का, जेवतो का, एकटाच बडबडतो का, एवढं आईला विचारा. तो दवाखान्यात यायला तयार नसेल तर तिला 14416 वर फोन लावून द्या. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.